रंगाईचे पाणी आणि आपला धंदा

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतून नदी वाहत नाही. म्हणून कृष्णेचे प्रदूषण हा सांगलीवाल्यांचा मामला, असे आपल्यापैकी अनेक व्यापारी बांधव समजतात. परंतु आपल्या नळाचे पाणी कृष्णेचेच आहे. शिवाय आपण विकतो त्यापैकी बरेच कापड इचलकरंजीत रंगते. तिथले सांडपाणी पंचगंगेत आणि पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत जाते. इकडे सांगलीचा शेरी नाला वर्षानुवर्षे शहराचे मैलापाणी नदीत ओतत आला आहे. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ येऊन माणसे दगावली. तो आजार मैलापाण्याचा, रंगाचा नव्हे. मात्र मैल्याने रंगाचा गुन्हा माफ होत नाही.

हिशेब पाहा. जुन्या विंच यंत्रात एक किलो सुती कापडाला एका भरणीस १५ ते २० लिटर पाणी लागते. एक भरणी रंगाची, नंतर किमान चार धुलाईच्या; म्हणजे किलोमागे ७५ ते १०० लिटर गेले. रिअॅक्टिव्ह रंग गडद चढावा म्हणून लिटरमागे ६० ते ८० ग्रॅम मीठ टाकतात. १५ लिटरला ते ९०० ते १२०० ग्रॅम झाले, म्हणजे कापडाच्या वजनाएवढे मीठ! ते सारे गटारात जाते. शुद्धीकरण केंद्रातील जिवाणू मैला खातात, विरघळलेले मीठ नाही. सॉफ्ट फ्लो यंत्रात ६ ते ८ लिटर पाणी पुरते. पाणी निम्मे, म्हणून मीठही निम्मे आणि बॉयलरचे इंधनही कमी.

तमिळनाडूत तिरुपूरला अशाच खाऱ्या पाण्याने नोय्यल नदी व शेतजमिनी बिघडल्या. शेतकरी कोर्टात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास हायकोर्टाच्या हुकुमाने सुमारे ७०० रंगाई कारखाने बंद झाले. ऑर्डरी अडकल्या, कारागीर गावी परतले. तेथे आता पाणी शुद्ध करून पुन्हा वापरावे लागते आणि तो खर्च रंगाईच्या दरात येतो.

दोष एकट्या रंगाईवाल्याचा नाही. आपण थोड्या थोड्या मालाला चार शेड मागतो, तेही उद्याच्या उद्या. प्रत्येक शेडनंतर यंत्र धुवावे लागते. फिक्या रंगाकडून गडदाकडे गेले तर ही धुलाई बरीच वाचते. त्यासाठी ऑर्डर आठवडाभर आधी, एकत्र द्यावी लागेल. दर ठरवताना पैशाबरोबर यंत्र कोणते आणि किलोमागे पाणी किती, हेही विचारावे.