पाळी गेल्यानंतरचे गर्भाशयमुख

पाळी गेली की त्या बाजूचा कारभार कायमचा संपला, ही समजूत आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या मनात इतकी दृढ असते की, साठीनंतर अंगावरून पुन्हा लाल जाऊ लागले तरी उष्णतेचे निमित्त सांगून त्या ही गोष्ट महिनोन्‌महिने लेकीसुनांच्याही कानी पडू देत नाहीत. ही समजूत घातक आहे, हे मला प्रथमच स्पष्ट सांगितले पाहिजे.

अंडकोशांतून स्रवणारे इस्ट्रोजेन आटले म्हणजे योनिमार्गाचे आणि गर्भाशयमुखाचे अस्तर पातळ व कोरडे होते. आणि बाहेरच्या चपट्या पेशी व आतल्या स्तंभाकार पेशी जेथे एकमेकींना मिळतात, ज्या सरहद्दीवर कर्करोगाची पूर्वचिन्हे बहुधा प्रथम उमटतात, ती सरहद्दच हळूहळू आत सरकून दृष्टीआड होते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने झोपडपट्ट्यांतील स्त्रियांची आरोग्यसेविकांकडून सौम्य ॲसेटिक आम्ल लावून तपासणी करविली, आणि या रोगाने होणारे मृत्यू सुमारे 31 टक्क्यांनी घटल्याचे 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु अशी तपासणी डोळ्यांवर विसंबणारी असल्यामुळे, सरहद्द आत गेलेल्या वृद्धेच्या बाबतीत ती अपुरी पडते.

पॅप तपासणीतही हीच अडचण निराळ्या रूपाने येते. जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी गिनीपिगांच्या योनिस्रावातील पेशींवरून त्यांचे ऋतुचक्र ओळखण्याची रीत 1917 मध्ये मांडली होती, म्हणजे कर्करोगाचा शोध घेणारी ही परीक्षा मुळात संप्रेरकांच्या अभ्यासातून जन्मली. आणि इतक्या वर्षांनी तिचा निर्णय संदिग्ध ठरला असता डॉक्टर पुन्हा संप्रेरकाचेच साहाय्य घेतात, हा योग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. इस्ट्रोजेनच्या अभावाने सुकलेल्या निर्दोष पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कित्येकदा रोगट भासतात. अशा वेळी काही आठवडे योनिमार्गात इस्ट्रोजेनचे मलम लावून नमुना पुन्हा घेतला, तर निर्दोष पेशी परिपक्व होऊन संशयमुक्त होतात आणि खरोखर बिघडलेल्या पेशी तशाच राहून वेगळ्या दिसतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीने मात्र त्या रोगाच्या तज्ज्ञाला विचारल्यावाचून हे मलम वापरू नये.

रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी पोटात घ्यावयाच्या संप्रेरकांची गोष्ट निराळी. गर्भाशय शाबूत असता नुसते इस्ट्रोजेन दिल्यास गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे 1975 पासून ठाऊक आहे. म्हणून त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे औषध देतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मूळ मात्र बहुतेक सर्वस्वी एच.पी.व्ही. विषाणूत असते. तो कित्येक वर्षांपूर्वीच शरीरात शिरलेला असू शकतो, आणि ना संप्रेरकाची गोळी त्याला घालवते, ना वैधव्य वा वय त्याच्यापासून अभय देते. उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या विषाणूच्या एकाच तपासणीने मृत्यू लक्षणीय कमी झाले. या तपासणीला सरहद्द दिसण्याची गरज नसते. नमुना स्त्रीला स्वतःच्या हातानेही घेता येतो. संकोचाने दवाखान्याची पायरी न चढणाऱ्या आजीबाईंसाठी ही सोय गावोगावी झाली पाहिजे; आणि तोवर, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, मग औषध चालू असो वा नसो, तो त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या कानी घातला पाहिजे.