इन्सुलिन-प्रतिरोध आणि मांसधातू

लातूरच्या तूरडाळीवर आणि नांदेडच्या ज्वारीवर पोसलेल्या आपल्या भागात मधुमेहाच्या पथ्याची चर्चा साखर आणि भात यांपाशीच थांबते. वस्तुतः इन्सुलिनचा अंमल प्रथिनांवरही चालतो. भोजनानंतर स्नायूंतील प्रथिनांचे विघटन तेच आवरून धरते. इन्सुलिन-प्रतिरोधात हा अटकाव शिथिल होऊ शकतो. शिवाय ल्यूसीन, आयसोल्यूसीन व व्हॅलीन ही शाखायुक्त अमिनो आम्ले यकृत व मेद यांत पुरेशी जळत नाहीत आणि रक्तात वाढतात. स्थूल व्यक्तींतील ही वाढ फेलिग यांनी १९६९ मध्येच नोंदविली होती. पुढे २०११ साली अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम अभ्यासात ही तीन आणि टायरोसीन व फेनिलअलनीन यांचे वाढते प्रमाण मधुमेह प्रकट होण्याच्या बारा वर्षांपर्यंत आधी आढळले. यात कारण कोणते व परिणाम कोणता, हा वाद मिटलेला नाही. वैद्यबंधूंना येथे धात्वग्निमांद्य आठवेल. तुलना उद्बोधक आहे, तथापि तिला पुरावा समजू नये.

ल्यूसीन म्हटले की दख्खनी ज्वारीचा विषय निघतोच. ज्वारीभोजी लोकांतील पेलाग्राचा संबंध हैदराबादच्या गोपालन व श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये तिच्यातील अधिक ल्यूसीनशी जोडला होता. तो प्रश्न नियासिनचा होता. त्यावरून मधुमेह्याची भाकरी बंद करणे सयुक्तिक नाही. वरणासह ती घेतल्यास ज्वारीतील लायसीनची उणीव डाळ भरून काढते.

अधिक चिंता कृश रुग्णाची आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे दिली: दोघांचाही शरीरभारांक २२.३, परंतु मेद युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१.२ टक्के! वजनकाटा ज्यास सडपातळ म्हणतो, त्याचा मांसधातू असा उणा असू शकतो. चरकाचार्यांनी स्थूल व कृश प्रमेही वेगळे मानून कृशास बृंहण सांगितले आहे. तरीही सरसकट सर्वांनाच लंघन सांगणारे आपल्यात कमी नाहीत.

याउलट औषधालयांत शाखायुक्त अमिनो आम्लांचे डबे ‘शक्ती’साठी सर्रास मागितले जातात. ज्याच्या रक्तात तीच आम्ले वाढलेली असण्याचा संभव आहे, त्यास ते सुचविण्यास सबळ आधार दिसत नाही. डाळ, ताक आणि स्नायूंना श्रम देणारा व्यायाम त्यास आधी सांगावा. जुन्या मधुमेह्याचे क्रिएटिनिन व मूत्रातील अल्ब्युमिन तपासल्यावाचून तर प्रथिनचूर्ण देऊच नये.