इंग्रजी बातमीचीं चोपडीं : त्यांचें स्वरूप व प्रामाण्य

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस सुरत, मुंबई व राजापूर येथील इंग्रज वखारवाल्यांचीं पत्रें अपरिचित नाहींत. शिवकालाचे पुष्कळ तपशील त्या पत्रांवरून ठरविले गेले आहेत. परंतु ज्या लोकांनीं तीं पत्रें लिहिलीं, त्यांच्या मायदेशीं त्याच काळांत बातमी कशी छापली जात असे, ती कोण लिही व कोणाच्या सोयीसाठीं लिही, याचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. हा विचार निव्वळ कुतूहलाचा नव्हे. समकालीन पत्र व मागाहून रचलेली बखर यांच्या प्रामाण्यांत जो भेद आपण करतों, तसाच भेद इंग्रजी साधनांतही करावा लागतो. आणि छापील कागद तेवढा विश्वसनीय, अशी जी एक समजूत रूढ आहे ती या चोपड्यांच्या अभ्यासानें पुष्कळशी दूर होते. म्हणून इ. स. १५१३ पासून सुमारें १६६० पर्यंतच्या या वाङ्मयाचा परिचय येथें करून देण्याचें योजिलें आहे.

१. बाह्य स्वरूप व निर्बंध

हीं चोपडीं बहुधा चौपेजी आकाराचीं असत. छापलेला ताव दोनदां दुमडला म्हणजे चार पानें, अर्थात् आठ पृष्ठें होत. एक-दोन किंवा तीन-चार तावांचें काम झालें कीं तें दोऱ्यानें टाचून विक्रीस ठेवीत. बांधणी करीत नसत. किंमत एक-दोन पेन्स, म्हणजे कारागिरासही परवडेल एवढी. मुखपृष्ठावर लांबलचक मथळा असे व त्यांत ‘खरी हकीकत’, ‘शोचनीय वार्ता’, ‘विलक्षण व भयंकर’ अशा अर्थाचे शब्द हटकून येत. मथळ्याखालीं लाकडी ठशाचें चित्र असल्यास तें त्याच प्रसंगाचें असेलच असें नाहीं. मुद्रकाच्या घरीं पडून असलेला जुना ठसा नव्या बातमीवर बसविण्याचा प्रघात होता. पानांच्या तळाशीं तावाची खूण म्हणून अ, ब, क या क्रमानें इंग्रजी वर्ण छापीत. प्रत पुरी आहे कीं तिचें एखादें पान गळालें आहे, हें ठरविण्यास या खुणा संग्राहकास फार उपयोगी पडतात.

छपाईवर दोहोंकडून दाब असे. इ. स. १५५७ त सनद मिळालेली लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांची व मुद्रकांची संस्था आपल्या वहींत ग्रंथांची नोंद करून घेई. आणि राजसत्ता परवान्यावांचून कांहीं छापूं देत नसे. यामुळें स्वदेशांतील राजकारणाची बातमी छापणें धोक्याचें होतें. परदेशचें युद्ध, दैवी आपत्ति व गुन्हेगारांचे खटले हेच विषय त्यांतल्या त्यांत निर्वेध राहिले. या तिन्ही वर्गांचीं उदाहरणें आतां पाहूं.

२. युद्धवार्ता

इंग्रजींत छापलेलें उपलब्ध असें सर्वांत जुनें बातमीचें चोपडें म्हणून फ्लॉडनच्या लढाईच्या हकीकतीकडे बोट दाखविण्यांत येतें. ही लढाई ९ सप्टेंबर १५१३ रोजीं झाली व तींत स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स पडला. रिचर्ड फॉक्स या मुद्रकानें ती हकीकत छापली. तींत सैन्याची मांडणी व पडलेल्या सरदारांची नांवें आहेत. म्हणजे सरकारी खलित्याचेंच तें छापील रूप होय.

याहून बोधप्रद उदाहरण इ. स. १५८८ चें आहे. स्पेनचें आरमार परतल्यावर लंडन येथें एक पत्र छापण्यांत आलें. तें इंग्लंडांतील एका कॅथलिक गृहस्थानें फ्रान्समधील स्पॅनिश वकील मेंडोझा यास लिहिलें, असा त्याचा देखावा आहे. लेखक दुःखानें सांगतो कीं, आमचा बेत फसला, येथील कॅथलिक प्रजाही राणीच्या बाजूनें उभी राहिली. शत्रूच्याच तोंडची ही कबुली म्हणून तिचें वजन मोठें. तिचीं फ्रेंच व इटालियन भाषांतरेंही निघालीं. परंतु या पत्राचा कच्चा मसुदा सुदैवानें लॅन्सडाऊन संग्रहांत उरला असून त्यावर राणी एलिझाबेथचा मुख्य मंत्री लॉर्ड बर्ली याच्या हातच्या दुरुस्त्या आहेत. पत्र बनावट, लेखक कल्पित व कर्ता खुद्द मंत्री! मसुदा नष्ट झाला असता तर छापील पत्रास समकालीन अस्सल साधन मानण्यावांचून गत्यंतर उरलें नसतें. हस्तलिखितांचे तुकडे जपणारांच्या श्रमाचें महत्त्व यावरून ध्यानांत यावें.

तीस वर्षांच्या युद्धामुळें परदेशच्या बातमीची भूक वाढली. २ डिसेंबर १६२० रोजीं ॲम्स्टरडॅम येथें छापलेलें इंग्रजी बातमीपत्र हें या प्रकारांतील उपलब्ध पहिलें. पुढल्याच वर्षीं लंडनमध्यें असलीं पत्रें छापल्याबद्दल टॉमस आर्चर यास कैदेंत पडावें लागलें. तथापि १६२२ पासून नॅथॅनिएल बटर, निकोलस बोर्न प्रभृति विक्रेत्यांनीं क्रमांक घालून चोपड्यांची माला चालविली. स्पेनच्या वकिलाच्या तक्रारीवरून ऑक्टोबर १६३२ मध्यें स्टार चेंबर नांवाच्या राजन्यायसभेनें ही माला बंद केली. लगेच पुढल्या महिन्यांत स्वीडनचा राजा गस्टाव्हस ॲडॉल्फस लुट्झेन येथें पडला; म्हणजे त्या युद्धांतील सर्वांत मोठी बातमी येण्याच्या वेळींच ती छापणारांचे हात बांधलेले होते. १६३८ त बटर व बोर्न यांस पुन्हां अधिकार मिळाला. १६४१ त स्टार चेंबरच नाहींसें झालें आणि त्या नोव्हेंबरांत पार्लमेंटच्या कामकाजाचें पहिलें साप्ताहिक चोपडें निघालें. पुढें यादवी युद्धांत राजपक्ष ऑक्सफर्डहून व पार्लमेंटपक्ष लंडनहून एकमेकांचें खंडन करूं लागले.

३. आपत्तींच्या वार्ता

४ ऑगस्ट १५७७ रोजीं, रविवारीं, सफोक परगण्यांतील बंगे गांवच्या चर्चवर प्रार्थना चालू असतां वादळ होऊन वीज पडली. त्याच वर्षीं अब्राहम फ्लेमिंग या लंडनच्या लेखकानें चोपडें प्रसिद्ध केलें. त्यांत विजेच्या लखलखाटांत एक काळा कुत्रा, किंवा कुत्र्याच्या रूपानें सैतान, मंडळींतून धांवत गेला व त्यानें गुडघे टेकून बसलेल्या दोघांच्या माना मुरगळल्या, असें वर्णन आहे. उलट गांवच्या चर्चच्या समकालीन नोंदींत, प्रार्थनेच्या वेळीं वादळांत दोन पुरुष घंटाघरांत मेले, एवढेंच आहे. कुत्र्याचा मागमूस नाहीं. येथें दिवस, वादळ व दोन मृत्यू हीं दोन्ही साधनांस समान असल्यामुळें ग्राह्य होत. कुत्रा एकट्या चोपड्याचा आहे. तथापि तोही निरर्थक नव्हे. आपत्ति म्हणजे ईश्वरी कोप व चोपडें म्हणजे पश्चात्तापाचें आवाहन, ही त्या वाचकांची धारणा त्यावरून कळते.

दुसरें उदाहरण ब्रिस्टलच्या खाडीच्या महापुराचें. सॉमरसेट व मॉन्मथशर येथील सखल प्रदेश एका सकाळीं समुद्राच्या पाण्याखालीं गेला. त्यावर अनेक चोपडीं निघालीं. एकाच्या मुखपृष्ठावर अर्धें बुडालेलें चर्च, झाडांवर चढलेलीं माणसें व पोहणारीं जनावरें दाखविलीं आहेत. या वर्णनांचा उपयोग अगदीं अलीकडे शास्त्रीय वादांतही झाला आहे. हा पूर भूकंपजन्य लाटेचा असावा, असें मत एकविसाव्या शतकाच्या आरंभीं कांहीं भूशास्त्रज्ञांनीं मांडलें व पाण्याच्या डोंगराप्रमाणें आलेल्या वेगवान लाटेचीं चोपड्यांतील वर्णनें आधारास घेतलीं. प्रतिपक्षानें मोठी भरती व वादळ यांचा मेळ दाखविला. आमच्या मतें चोपड्यांतील उपमांवर एवढा भार टाकणें अयोग्य आहे; कारण पाण्याच्या डोंगराची भाषा ही त्या वाङ्मयाची ठराविक भाषा आहे. उलट एका चोपड्याच्या मथळ्यांतच पूर्व किनाऱ्यावरील नॉर्फोकचा उल्लेख आहे, ही साधी गोष्ट वादळाच्या पक्षास अधिक अनुकूल दिसते.

क्वचित् चोपडेंच चोपड्यास दुरुस्त करतें. २१ ऑक्टोबर १६३८ रोजीं डेव्हनमधील वाइडकोम येथील चर्चवर वीज पडून चौघांच्या आसपास माणसें मेलीं व सुमारें साठ जखमी झालीं. पहिल्या हकीकतीमागोमाग त्याच वर्षीं ‘दुसरी व अधिक बिनचूक’ म्हणविणारी हकीकत निघाली. अशा ठिकाणीं दोन्ही प्रती समोर ठेवून पाठभेद पाहिले पाहिजेत.

४. खटल्यांच्या हकीकती

चेटकाच्या खटल्यांवरील उपलब्ध पहिलें इंग्रजी चोपडें १५६६ चें, चेम्सफर्ड येथील आहे. ॲग्नेस वॉटरहाउस ही वृद्ध स्त्री त्या खटल्यांत फांसावर गेली. परंतु या वर्गांत सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ लँकेस्टरच्या १६१२ च्या खटल्याचा होय. न्यायालयाचा कारकून टॉमस पॉट्स यानें तो न्यायाधीशांच्या सांगण्यावरून लिहिला, न्यायाधीश ब्रॉम्ली यानें तपासला व १६१३ त तो छापला गेला. सुमारें नऊ वर्षांची जेनेट डिव्हाइस ही मुलगी आपल्या आईविरुद्ध व भावाविरुद्ध साक्ष देते, आई आक्रोश करते, हा प्रसंग वाचतांना आपण न्यायालयांतच बसलों आहों असा भास होतो. २० ऑगस्ट १६१२ रोजीं दहा जणांस फांशीं देण्यांत आलें. पण पॉट्सनें पूर्वीं घेतलेल्या लेखी जबान्याच पुष्कळ ठिकाणीं प्रत्यक्ष भाषणाप्रमाणें मांडल्या आहेत. आरोपींनीं बचावासाठीं काय म्हटलें तें फारच थोडें आलें आहे. मेलेल्यांचा शब्द आपणांस त्यांना मारविणाऱ्यांच्या लेखणींतूनच ऐकावा लागतो, ही गोष्ट वाचकानें क्षणभरही विसरतां कामा नये.

आपल्या अभ्यासास सर्वांत जवळचें उदाहरण अंबोयनाचें आहे. १६२३ त त्या बेटावरील डच अधिकाऱ्यांनीं, किल्ला घेण्याचा कट केल्याच्या आरोपावरून, इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांस पाण्याचे व विस्तवाचे हाल करून कबुलीजबाब घेतले व दहा इंग्रजांचा, तसेंच त्यांच्याबरोबर गोंवलेल्या जपानी शिपायांचा शिरच्छेद केला. १६२४ त कंपनीनें ‘खरी हकीकत’ प्रसिद्ध केली. तिच्यासोबत डचांच्या बाजूचें चोपडें भाषांतरून दिलें व त्यास उत्तरही जोडलें. जिवंत सुटलेल्यांच्या शपथेवरील जबान्यांचा तीस आधार आहे हें खरें. पण डचांकडून भरपाई मिळावी हा कंपनीचा हेतु उघड होता. पुढें डचांशीं जेव्हां जेव्हां युद्ध जुंपलें तेव्हां तेव्हां ही हकीकत पुन्हां छापली गेली, व १६७३ त ड्रायडनच्या नाटकानें ती रंगभूमीवर आली. १६५४ च्या तहानें कंपनीस ८५,००० पौंड व मृतांच्या वारसांस ३,६१५ पौंड मिळाले. जी कंपनी सुरतेहून आपल्या धन्यांस नफ्यातोट्याचीं रोखठोक पत्रें लिहीत होती, तीच लोकांपुढें येतांना कशी बोले, हें येथें दिसतें. वखारीचें पत्र व कंपनीचें चोपडें एकाच पेटींतलीं म्हणून एकाच मोलाचीं समजूं नयेत.

५. तारखांचा घोळ

सुहूर सन मृगापासून बदलतो व शक चैत्रापासून, हें ज्यांच्या नित्य परिचयाचें आहे त्यांस इंग्रजी तारखांची अडचण चटकन् कळेल. १७५२ पर्यंत इंग्लंडांत सरकारी वर्ष २५ मार्चला लागे व सतराव्या शतकांत तेथील पंचांग युरोपांतील नव्या पंचांगाच्या दहा दिवस मागें होतें. म्हणून वर सांगितलेल्या महापुराची चोपड्यांतील तारीख २० जानेवारी १६०६ असली तरी नव्या गणनेनें ती ३० जानेवारी १६०७ ठरते. लुट्झेनची लढाईही ६ व १६ नोव्हेंबर अशी दोन्ही प्रकारें लिहिलेली आढळते. मुद्रक मात्र पुष्कळदां जानेवारीपासूनच नवें वर्ष घालीत. तेव्हां मुखपृष्ठावरील सनावरून प्रसिद्धीचा क्रम लावणें सुरक्षित नाहीं.

६. टॉमसनचा संग्रह

ही अडचण ज्या एका माणसानें पुष्कळ दूर केली त्याचें स्मरण केल्यावांचून लेख पुरा होणार नाहीं. जॉर्ज टॉमसन हा लंडनांतील सेंट पॉलच्या आवारांत दुकान असलेला पुस्तकविक्रेता. त्यानें १६४० पासून १६६१ पर्यंत निघेल तें चोपडें जमविण्याचा नेम चालविला व बहुतेक प्रतींवर ती मिळाल्याची तारीख स्वहस्तें घातली. छापील सन आगाऊ वाटल्यास तो खोडून आपल्या गणनेप्रमाणें दुरुस्तही केला. युद्धाच्या धामधुमींत सैन्यांच्या भीतीनें त्यास हा भार शहराबाहेर हलवावा लागला. १६४७ त खुद्द पहिल्या चार्ल्स राजानें एक पुस्तक मागून नेलें, तें प्रवासांत चिखलांत पडलें. त्याचे डाग आजही त्या प्रतीवर आहेत. सुमारें २२,००० लेखांचा हा संग्रह टॉमसनच्या मृत्यूनंतर जवळजवळ शंभर वर्षें योग्य गिऱ्हाइकावांचून राहिला. शेवटीं तिसऱ्या जॉर्ज राजानें तो अवघ्या ३०० पौंडांस विकत घेऊन १७६२ त ब्रिटिश म्युझियमला दिला. आज तो ब्रिटिश लायब्ररींत आहे.

या सर्व विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. चोपड्यांतील दिवस, स्थळ व मृतांचीं नांवें हीं स्थानिक नोंदींशीं ताडून घ्यावीं. जें केवळ चोपड्यांतच आहे तें घटनेचें नव्हे, तर समजुतीचें साधन मानावें. लेखकापेक्षां खर्च करणारा कोण याचा शोध आधीं घ्यावा. आणि संग्राहकांनीं आपल्या दप्तरांत आलेल्या प्रत्येक कागदावर, तो कोठें, कोणाकडून व कोणत्या दिवशीं मिळाला, एवढें तरी टॉमसनप्रमाणें टिपून ठेवावें. आपल्याकडील कित्येक रुमालांवर एवढी एक ओळ नसल्यामुळें त्यांतील कागदांचें मूळ घराणें आज सांगतां येत नाहीं, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे.