सिकंदर

मुलांनो, तुमच्या वर्गात सिकंदर नावाचा एखादा मुलगा असेलच. या नावाचा अर्थ काय, असे विचारले तर बहुतेक जण 'जिंकणारा' असे सांगतात. तो अर्थ चूक आहे.

हे नाव मूळचे ग्रीक आहे. ग्रीक भाषेत ते 'अलेक्सान्द्रोस' असे आहे. त्यातील पहिल्या भागाचा अर्थ रक्षण करणे आणि दुसऱ्या भागाचा अर्थ माणूस. म्हणजे अलेक्सान्द्रोस हा माणसांचे रक्षण करणारा! जग जिंकायला निघालेल्या राजाचे नाव असे असावे, ही गंमतच आहे. तो राजा इ. स. पूर्व ३५६ मध्ये जन्मला. इ. स. पूर्व ३२६ मध्ये झेलमच्या काठी तो पोरसाशी लढला आणि तीन वर्षांनी बाबिलोनमध्ये मरण पावला. पण नाव त्याच्याही आधीचे आहे. त्याच्या घराण्यात या नावाचा राजा पूर्वी होऊन गेला होता.

मग अलेक्सान्द्रोसचा सिकंदर कसा झाला? 'अल' हा शब्द तुम्हांला ठाऊक आहे. अरबीत तो नामाच्या आधी लागतो. अरबांनी हे ग्रीक नाव ऐकले, तेव्हा त्यांना सुरुवातीचा 'अल' आपलाच वाटला. तो त्यांनी वेगळा केला. उरलेल्या नावात 'क्स'चे 'स्क' झाले. लहान मुले टॅक्सीला 'टॅस्की' म्हणतात ना, तसेच! अशा रीतीने 'इस्कंदर' तयार झाले. फारसीत त्याचे सिकंदरही झाले आणि फारसीबरोबर ते आपल्याकडे आले.

त्यापूर्वीही हे नाव भारतात आले होते, पण वेगळ्या रूपात. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात 'अलिकसुदर' नावाचा एक ग्रीक राजा आहे. तो झेलमवरचा सिकंदर नव्हे, नंतरचा दुसरा राजा. तेथे 'अल' शाबूत आहे, कारण प्राकृत बोलणाऱ्यांना तो तोडण्याचे कारणच नव्हते.

आपले मुदखेड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या घराण्यातील सिकंदर जाह १८०३ ते १८२९ या काळात गादीवर होता. हैदराबादजवळ इंग्रज फौजेची छावणी होती. तेथील वसाहतीला १८०६ मध्ये त्याच्या नावावरून सिकंदराबाद म्हणू लागले. मुदखेडहून निजामाबादकडे जाणारा लोहमार्ग पुढे याच सिकंदराबादला पोहोचतो.

मराठीत भाग्यवान माणसाला 'त्याचे नशीब सिकंदर आहे' असे म्हणतात. येथे तर नाव विशेषण झाले. आता तुमच्या वर्गातल्या सिकंदरला त्याच्या नावाचा खरा अर्थ सांगा. बहुधा त्यालाही तो माहीत नसेल.