न्हाणीघरातील गॅस-गिझर आणि वायुवीजन

बारवी धरणाचे पाणी अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर परिसरातील अनेक घरांत पोहोचते. ते तापविण्यासाठी कित्येक ठिकाणी गॅस-गिझर वापरला जातो. मात्र धुराडे नसलेला गिझर बंद न्हाणीघरात पेटविल्यास प्राणवायू घटतो, ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूस रंग नाही, वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा 200 हून अधिक पटींनी दृढपणे जोडला जातो. डोकेदुखी, भोवळ व पाठोपाठ बेशुद्धी येते. आतून कडी असल्याने मदतही उशिरा पोहोचते. म्हणून गिझर व सिलिंडर न्हाणीघराबाहेर, हवेशीर जागी बसवावेत; केवळ गरम पाण्याची नळी आत घ्यावी. थंडीतही झरोके बुजवू नयेत. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ही साधी दक्षता घरोघरी पोहोचविल्यास प्राण वाचतील.