नागपूरचा विश्वसंचारी

लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या वृत्तांतात १८५९ साली एक आटोपशीर लेख छापून आला. लिहिणारे ब्रिटिश म्युझियममधले विल्यम बेअर्ड आणि नमुने धाडणारे नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप. विदर्भात हिस्लॉप म्हटलं की कॉलेज आठवतं. भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांना टाकळीचे जीवाश्म आठवतात. पण १८४५ मध्ये नागपुरात मुक्काम ठोकलेल्या या माणसाला जे दिसेल ते गोळा करायची खोड होती. खडक, हाडं, गोंडांच्या कथा, आणि पाण्यातले हे बारीक जीव. १८६३ च्या पावसाळ्यात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. त्याआधी चार वर्षं बेअर्डनी त्यांचं नाव पाण्यातल्याच एका जिवाला दिलेलं होतं.

हा जीव कोळंबी-खेकड्यांच्या विस्तारित गोतावळ्यातला. लांबी तीन-चार मिलिमीटर. दोन पारदर्शक, जवळजवळ गोल शिंपल्यांच्या आत सारं शरीर मिटलेलं, त्यामुळे नवखा माणूस त्याला शिंपलाच समजतो. आत मात्र पायांच्या जोड्या सतत हलत असतात आणि पाण्यातले कण खाण्यासाठी गाळत असतात. पिल्लं आईच्या शिंपल्यातच वाढतात आणि तयार होऊन बाहेर पडतात. नर फार क्वचित सापडतो. बहुतेक वेळ माद्याच माद्यांना जन्म देत राहतात.

बेअर्डनी त्याला ‘एस्थेरिया हिस्लॉपी’ म्हटलं. पुढची गोष्ट घडली नॉर्वेत. तिथले प्राणिशास्त्रज्ञ गेऑर्ग ओसियान सार्स यांच्याकडे ऑस्ट्रेलियातून वाळलेला चिखल यायचा. सार्स तो पाण्यात भिजवून काचेच्या भांड्यांत ठेवत आणि काय उगवतं ते बघत बसत. प्राणिशास्त्राच्या इतिहासात इतकी स्वस्त मोहीम दुसरी झाली नसावी! त्या चिखलातून जे बाहेर आलं ते सार्सना नागपूरच्या हिस्लॉपीसारखं दिसलं. १८८७ मध्ये त्यांनी या जिवासाठी ‘सायक्लेस्थेरिया’ ही नवी प्रजाती उभी केली, जातीचं नाव मात्र तेच ठेवलं. मग आफ्रिकेत सापडला तो हिस्लॉपी, दक्षिण अमेरिकेत सापडला तोही हिस्लॉपी. उष्ण कटिबंधाला वळसा घालणारी एकच जात, असं शतकभर मानलं गेलं.

तसं मानायला कारणही होतं. या जिवांची टिकाऊ अंडी सुकतात, धुळीबरोबर उडतात, पक्ष्यांच्या पायांना चिकटतात, त्यांच्या पोटातूनही जिवंत बाहेर पडतात. बेअर्डचा लेख आला त्याच वर्षी डार्विनचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झालं. तळ्याकाठच्या कपभर चिखलातून ५३७ रोपं उगवल्याची नोंद त्यात आहे. पक्ष्यांच्या पायांना लागून गोड्या पाण्यातलं जीवन कसं पसरतं, हे डार्विनना सांगायचं होतं. अंडं कुठंही पोचू शकतं म्हणजे जात सगळीकडे असणारच, असा सोपा निष्कर्ष निघाला. त्यात एक फट राहिली. अंडं पोचणं वेगळं आणि वसणं वेगळं. तळाच्या चिखलात आधीच्यांच्या अंड्यांचा साठा असतो. पाणी येताच ती फुटतात, आणि पाहुण्याला पाय रोवायला जागा उरत नाही.

प्राणिशास्त्रज्ञ डेव्हिड फ्राय यांनी १९८२ मध्ये या जिवाच्या नात्यातल्या जलपिसवांबाबत ‘जगभर एकच जात’ या समजुतीबद्दलची शंका उघडपणे मांडली. युरोपातली ओळखपुस्तकं घेऊन जगभर जाती ओळखायला बसलं की जगभर युरोपातल्याच जाती सापडतात, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. सायक्लेस्थेरियाची पाळी आली २०१३ मध्ये. निरनिराळ्या खंडांतल्या नमुन्यांचा डीएनए ताडून पाहिल्यावर ही एक जात नसून दिसायला सारख्या अनेक जातींचा गट आहे, आणि त्यांचे फाटे फुटण्याची सुरुवात क्रिटेशस काळापर्यंत मागे जाते, असं दिसलं. म्हणजे दख्खनचा लाव्हा अजून सांडत होता किंवा सांडायचाच होता, तेव्हापासूनची ही वेगळी घराणी. नामकरणाच्या नियमानुसार ‘हिस्लॉपी’ हे नाव नागपूरच्याच घराण्याचं. बाकीच्यांना आज ना उद्या स्वतःची नावं घ्यावी लागतील.

एका जिवाची ही कथा इतकी लांबवली, कारण गोड्या पाण्यातल्या असल्या बाकीच्या बारीक कवचधारी प्राण्यांच्या आकड्यांकडे तिच्यातूनच बघायला हवं. २००८ च्या जागतिक आढाव्यात गोड्या पाण्यातल्या कोपेपॉडांच्या सुमारे २,८०० जाती मोजल्या गेल्या, ऑस्ट्राकॉडांच्या सुमारे २,०००, जलपिसवांच्या सुमारे ६२०. माझ्या मते या गणतीत प्राण्यांच्या बरोबरीने त्यांना बघणारी माणसंही मोजली गेली आहेत. कोपेपॉडची जात ठरवायची तर त्याचा पाचवा पाय सुईच्या टोकाने सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. जिथं असा चिवट माणूस राहिला तिथं नकाशावर ठिपके दाट, नाही तिथं कोरा कागद.

महाराष्ट्राला या जगातला एकच जीव घरोघर ठाऊक होता, तोही नारूमुळे. नारूची अळी सायक्लॉप्स या कोपेपॉडच्या पोटातून माणसाच्या पोटात जाते, हा धागा रशियन संशोधक फेदचेंको यांनी १८७० च्या सुमारास मध्य आशियातल्या तुर्केस्तानात पकडला. पुढे आपल्याकडे पायविहिरी बंद झाल्या, पाण्यात औषध पडलं, हंड्याच्या तोंडाला फडकं आलं. २००० साली भारत नारूमुक्त ठरला. आरोग्यखात्याचं काम चोख झालं. नारू गेला तसा विहिरीत वाकून सायक्लॉप्स बघणाराही गेला, असं म्हणायला मात्र हरकत नाही.

गेल्या काही वर्षांत बघणारे पुन्हा दिसू लागले आहेत, आणि या वेळी ते सह्याद्रीच्या पठारांवर चढले. तिथल्या कातळातल्या खळग्यांत मृगाचं पाणी भरलं की दिवस-दोन दिवसांत अंडी फुटतात आणि फेअरी श्रिम्प पोहू लागतात: कवच नाही, पायांच्या अकरा जोड्या, पोहणं उताणं. खळगा श्रावणातल्या उघडिपीत आटण्याआधी पुढची अंडी तळाशी पडायला हवीत. आणि सगळी अंडी पहिल्या पावसाला फुटत नाहीत. दुबार पेरणीची पाळी येईल म्हणून हुशार शेतकरी बियाणं राखून ठेवतो, तसा काही वाटा चिखलातच थांबतो. मासे इथं टिकत नाहीत, म्हणून हे टिकतात. अशाच एका फेअरी श्रिम्पला रॉजर्स आणि पाध्ये या संशोधकांनी २०१४ मध्ये ‘स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रीएन्सिस’ हे नाव दिलं. या प्रजातीत जात ओळखायची ती मुख्यतः नराच्या कात्रीसारख्या शृंगिकांवरून. नर खळग्यात असतो जेमतेम काही आठवडे, तेही धुक्या-पावसात. नेमकं तेव्हा जाळी घेऊन पठारावर जायची तयारी हवी.

सातबाऱ्यावर असली जमीन बहुधा पोटखराबा म्हणून नोंदलेली असते. पठारांवर पवनचक्क्या आल्या, त्यांच्यासाठी रस्ते आले. कासच्या फुलांमागे गाड्या आल्या. फुलांसाठी एकेकाळी निदान कुंपण तरी घातलं गेलं, पण खळग्यांची दखल फारशी घेतली गेलेली नाही. कोकणात सड्यावर चिरेखाण पडते तेव्हा जांभ्याबरोबर खळगा जातो, आणि तळाच्या मातीत पुढच्या कित्येक पावसाळ्यांसाठी राखलेली अंडीही. त्यांत कोणकोणत्या जाती होत्या ते कोणी तपासलेलं नसतं, म्हणून त्या कुठल्याच यादीतून कमीही होत नाहीत.