आधीचं काम संपू द्या

रात्री सर्व्हरवर एक छोटी शेल स्क्रिप्ट चालते. मायएसक्यूएलडंपने डेटाबेसची प्रत एका फाइलमध्ये उतरवायची, मग जीझिपने ती फाइल आवळायची. युनिक्सचं शेल मुळात शिस्तीचं: एक कमांड संपल्याशिवाय पुढची ओळ हातात घेत नाही.

गडबड होते ती डंपच्या ओळीअखेर '&' लावल्यावर. या चिन्हामुळे कमांड पार्श्वभूमीत जाते आणि शेल लगेच पुढे सरकतं. प्रत अजून उतरतेच आहे, तोवर जीझिप हाती लागेल तेवढी फाइल आवळतं आणि मूळ फाइल पुसून टाकतं. डंप मात्र त्या पुसलेल्या फाइलीत लिहीतच राहतो! सकाळी आवळलेली फाइल जागेवर दिसते. ती अर्धवट आहे हे कळतं ते डेटा परत मिळवायची वेळ आल्यावर.

मध्ये 'स्लीप ६०' घालून मिनिटभर थांबणं हा निव्वळ अंदाज. डेटा वाढला की तो चुकणारच.

खरा उपाय 'वेट'. पण नुसतं 'वेट' पार्श्वभूमीतल्या सगळ्या कामांसाठी थांबतं आणि त्यातलं एखादं फसलं तरी शून्यच, म्हणजे 'सगळं ठीक', असं कळवतं. हे फार जणांच्या लक्षात येत नाही. म्हणून '&' नंतर लगेच '$!' मधला प्रोसेस क्रमांक जपून ठेवावा आणि तोच 'वेट'ला द्यावा. मग नेमक्या त्या कामाचा निकाल हाती येतो. तो शून्य नसेल तर जीझिप सुरूच करू नये.

हाच प्रश्न इतरत्रही येतो. पायथनमध्ये सबप्रोसेसचं 'रन' काम संपेपर्यंत स्वतःहून थांबतं, 'पीओपन' थांबत नाही. विंडोजच्या बॅच फाइलमध्ये 'स्टार्ट'ला '/वेट' जोडावं लागतं.